माझं कर्ज माफ झालं आहे: अमेरिकेतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांच्या सभासदांना, विशेषतः ज्येष्ठ काका-काकूंना, सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात हायस्कूलच्या कॅफेटेरियात आपली जेवणाची रांग लागली होती. मी मसालेभात वाढत होते. शेजारी कढीच्या पातेल्यापाशी आपल्याच मंडळातली एक मुलगी उभी होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली. रांगेतले एक काका मागच्या गृहस्थांशी बोलत होते. विषय स्टुडंट लोनचा. "आम्ही एकेक डॉलर फेडला. ह्यांना सगळं फुकट हवंय. कर्जबुडवे सगळे!" मुलीच्या हातातला डाव तिथेच थांबला आणि कढी वाटीच्या काठावरून ट्रेमध्ये सांडली. तिने ती पुसली, "सॉरी काका" म्हणाली आणि पुढची वाटी भरायला घेतली. तिच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे, इथे लिहिणार नाही. पुढचा अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही.

मीही बोलले नाही. मी बोलायला हवं होतं, कारण ते काका माझ्याबद्दल बोलत होते. 2024 च्या ऑक्टोबरात माझं सुमारे 73,000 डॉलरचं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ झालं. आपल्या मंडळात हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. आपल्यात 'माझं कर्ज फिटलं' हे पेढे वाटून सांगतात, 'माझं कर्ज माफ झालं' हे कुणी सांगत नाही. म्हणून आज लिहिते आहे.

मी सांगली जिल्ह्यातली. लग्न होऊन इथे आले, ग्रीन कार्ड झालं, आणि मुलगी सात वर्षांची असताना संसार मोडला. हातात पुण्याची बी.कॉम. होती. तिच्यावर इथे दुकानातल्या काउंटरपलीकडे काही मिळेना. मग राज्य विद्यापीठात विशेष मुलांच्या शिक्षणातली पदव्युत्तर पदवी घ्यायचं ठरवलं. 2011 ते 2013 या दोन वर्षांत 58,000 डॉलर कर्ज काढलं, बहुतेक रकमेवर व्याज 6.8 टक्के. शिकत असताना हप्ता नव्हता, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत होतं. पदवी हातात पडून हप्ते सुरू होईपर्यंत आकडा 64,000 झाला होता.

सरकारी शाळेत नोकरी लागली, पगार 45,000 च्या आसपास. मी उत्पन्नाधारित परतफेडीत नाव घातलं. त्याचं गणित असं: दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम उत्पन्नातून बाजूला काढायची आणि उरलेल्याचे 15 टक्के वर्षभरात बारा हप्त्यांनी भरायचे. माझा हप्ता 270 डॉलरच्या आसपास बसला. व्याज मात्र महिन्याला 360 च्या वर. म्हणजे मी एकही हप्ता न चुकवता, ऑटो-पे लावून, दर महिन्याला नव्वद डॉलर मागे जात होते. चार वर्षांत जवळजवळ 13,000 डॉलर भरले आणि आकडा 64,000 वरून 68,000 वर गेला. मुद्दल जागेवर, वर व्याजाचा ढीग. रात्री मुलगी झोपल्यावर मी ते पान उघडायची आणि भरलेले पैसे गेले कुठे ते शोधायची. सावकाराच्या गोष्टी मी लहानपणी आजीकडून ऐकल्या होत्या. सरकारच्या खात्यात तसंच काही बघायला लागेल असं वाटलं नव्हतं.

मग 2018 मध्ये उत्पन्नाचा वार्षिक फॉर्म कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीकडून गहाळ झाला. फोनवरचा मुलगा गोड बोलला. "तुम्हाला फॉरबेअरन्सवर टाकतो, काळजी करू नका." फॉरबेअरन्स म्हणजे हप्ते तात्पुरते बंद. पण त्या काळात व्याज चढतच राहणार आणि ते महिने मोजणीत धरले जाणार नाहीत, हे त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. चौदा महिने गेले. पुढे खात्यांची फेरतपासणी झाली तेव्हा ते महिने परत मिळाले. तोवर मी ते गेले असंच धरून चालले होते.

हे महिने मोजायचे कशासाठी, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 2007 साली इथल्या संसदेने एक कायदा केला. उत्पन्नाधारित परतफेडीची माझी ही योजना त्याच कायद्यातली. त्यातच असंही लिहिलं होतं की सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत 120 हप्ते भरले, तर उरलेलं कर्ज माफ. शिक्षक, नर्स, समाजसेवक, अग्निशमन दलातली माणसं, सरकारी वकील, सगळे त्यात येतात. त्या कायद्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी. मंडळाच्या वॉट्सअॅप ग्रुपवर 'डेमोक्रॅट लोकांची खिरापत' असं वाचते तेव्हा मला 27 सप्टेंबर 2007 ही तारीख आठवते. कर्ज घेताना ही अट कायद्यात होती. तिच्या भरवशावर मी खासगी क्लिनिकमधली जास्त पगाराची नोकरी सोडून सरकारी शाळेत राहिले. माझ्या वर्गात आठ मुलं आहेत. त्यातली दोन बोलत नाहीत, एक हात चावून घेतो. हे काम मला आवडतं, पण पगार बघून कुणी ते निवडणार नाही. निवडावं म्हणून सरकारने दहा वर्षांचा शब्द दिला होता.

तो शब्द सरकारने कसा पाळला तेही ऐका. 2017 मध्ये पहिले लोक 120 हप्ते पुरे करून अर्ज घेऊन आले, आणि सुरुवातीच्या त्या अर्जांपैकी 99 टक्के फेटाळले गेले. कुणाची परतफेडीची योजना चुकीची, कुणाच्या कर्जाचा प्रकार चुकीचा, कुणाचा हप्ता दोन दिवस आधी भरलेला. ऑक्टोबर 2021 पासून नियम सैल केले आणि जुने हप्ते पुन्हा मोजले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. 2024 संपेपर्यंत दहा लाखांहून जास्त सार्वजनिक सेवकांची कर्जं माफ झाली. त्यात मी एक. करोनाच्या काळात साडेतीन वर्षं हप्ता शून्य होता आणि ते महिनेही माझ्या 120 मध्ये धरले गेले, हे मी लपवत नाही. एकूण जवळजवळ 20,000 डॉलर भरले. तुम्ही म्हणाल, 73,000 माफ झाले आणि 20,000 भरले, म्हणजे फायदाच. झालाच. दहा वर्षं कमी पगारावर काम करून मी त्याची किंमत मोजली, एवढंच माझं म्हणणं.

आता त्या काकांच्या मुद्द्याकडे येते. तो खोटा नाही आणि मला तो आतून माहीत आहे.

माझ्या वडिलांची पाच एकर होती आणि गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज. दर मार्चअखेरीला घरात एकच विषय असायचा, सोसायटीचं नवं-जुनं. कुठून तरी आठ दिवसांसाठी पैसे उसने आणायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं उचलायचं, उसने परत करायचे. आईच्या पाटल्या त्या आठ दिवसांत किती वेळा घरातून गेल्या आणि आल्या, त्याचा हिशोब नाही. पण बाबांनी कधी थकवलं नाही. मग 2008 ची केंद्राची कर्जमाफी आली आणि ज्यांनी थकवलं होतं त्यांचं माफ झालं. बाबांना एक रुपया मिळाला नाही. त्या दिवशी ते पारावर गेले नाहीत. मी इथून फोन केला तर म्हणाले, "वेळेवर भरणारा खुळा ठरला बघ." हा आवाज मला कढीच्या रांगेत पुन्हा ऐकू आला. म्हणून मी त्या काकांवर रागावू शकत नाही.

पण महाराष्ट्राने त्या दुखण्यावर पुढे निदान विचार तरी केला. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज सन्मान योजनेत नियमित भरणाऱ्यांना 25,000 रुपयांपर्यंत लाभ ठेवला, आणि 2019 च्या महात्मा फुले योजनेत 50,000 पर्यंत प्रोत्साहन रक्कम जाहीर केली. ती वेळेवर कितींच्या हाती पडली हा वेगळा विषय, मात्र प्रश्न कागदावर तरी आला होता: ज्याने भरलं त्याचं काय? अमेरिकेत हा प्रश्न दोन्ही पक्षांनी नुसता भांडणासाठी वापरला. बायडन यांनी 24 ऑगस्ट 2022 ला जवळजवळ सरसकट 10,000 डॉलर माफी जाहीर केली, पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान) घेतलेल्यांना 20,000. खर्चाचा अंदाज 40,000 कोटी डॉलरच्या घरात. ज्याने करोनाच्या आधीच पोटाला चिमटा काढून शेवटचा हप्ता भरला, त्याच्यासाठी त्यात काहीच नव्हतं. जो कॉलेजात गेलाच नाही, ट्रक चालवतो, त्याच्यासाठीही नव्हतं. 30 जून 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती योजना रद्द केली. खरं सांगायचं तर त्या योजनेची मी कधीच चाहती नव्हते. एकदा सातबारा कोरा केला आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना पुन्हा त्याच व्याजाने, त्याच फीला कर्ज दिलं, तर काय साधलं?

आणि म्हणूनच सरसकट माफी आणि उत्पन्नाप्रमाणे परतफेड या दोन गोष्टी एका दमात 'फुकट' म्हणून उडवू नका, ही माझी विनंती. कमावशील तसं भर, ठरलेली वर्षं भर, मग उरलं तर सोडून देऊ, असा दुसरीचा करार आहे. कमी कमावणाऱ्याने कमी भरायचं, जास्त कमावणाऱ्याने जास्त. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी, ज्यांना कुणी समाजवादी म्हणणार नाही, 1955 मध्येच शिक्षणाचा पैसा पुढच्या कमाईशी जोडायची कल्पना मांडली होती.

तुम्ही म्हणता, बाकी सगळे कर्ज फेडतात. काका, बाकी सगळ्यांना दिवाळखोरीचा दरवाजा उघडा असतो. क्रेडिट कार्डाचं, धंद्याचं, कॅसिनोत घालवलेलं कर्जसुद्धा दिवाळखोरीत सुटू शकतं. शैक्षणिक कर्जाचा तो दरवाजा 1976 च्या कायद्याने पहिली पाच वर्षं बंद केला आणि 1998 मध्ये सरकारी कर्जांसाठी जवळजवळ कायमचा. 'असह्य हालअपेष्टा' कोर्टात सिद्ध करा, तरच. थकवलं तर कोर्टाच्या हुकमाशिवाय पगारातले 15 टक्के कापता येतात, टॅक्सचा परतावा अडवता येतो. दरवाजा बंद केल्यावर निदान एक खिडकी ठेवावी म्हणून उत्पन्नाधारित परतफेड आली.

आणि दुसरी गोष्ट. 2020 आणि 2021 मध्ये पगार चालू ठेवण्यासाठी सरकारने धंद्यांना जवळजवळ 80,000 कोटी डॉलरची पीपीपी कर्जं दिली. नऊ दशांशाहून जास्त माफ झाली. आपल्यातल्या किती कन्सल्टन्सी कंपन्यांनी, फार्मसींनी, दातांच्या दवाखान्यांनी ती घेतली, हे आपल्याला माहीत आहे. अटी पाळल्या, माफ झालं, त्यात गैर काहीच नाही. त्यांना तुम्ही कर्जबुडवे म्हटलं नाहीत. मलाही म्हणू नका. अटी मीही पाळल्या.

तिसरी गोष्ट बोलायला मला जड जातं, कारण तुम्हा सगळ्यांविषयी मला आदर आहे. ऐंशीच्या दशकात सीओईपी, व्हीजेटीआय किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलेल्यांना आपली वर्षाची फी आठवत असेल. शेकड्यांतली रक्कम. त्यातही कितीजणांना ईबीसीची सवलत होती, फॉर्मवर तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडलेला. तुमच्या शिक्षणाचा खरा खर्च कुणीतरी उचलला होता. माझ्या बाबांसारख्या माणसाने काडेपेटीवरही कर भरला होता. 1983 मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजं काढायला परवानगी दिली, मग 'डोनेशन' हा शब्द घराघरांत शिरला आणि पुढच्या पिढीच्या बापांनी जमिनी विकल्या. तुमची हुशारी आणि कष्ट मी नाकारत नाही. तुम्ही दोन बॅगा आणि वीस डॉलर घेऊन आलात, हे आम्ही अभिमानाने मुलांना सांगतो. पण त्या बॅगेत जी पदवी होती, तिच्यावर कर्जाचा बोजा नव्हता.

एक काका मला म्हणाले होते, "कमवा आणि शिका. कर्मवीरांनी सांगितलंय." कर्मवीरांच्या रयतेच्या शाळेत मी स्वतः शिकले आहे. तिथे मुलाच्या श्रमातून शिक्षण निघेल एवढी फीच कमी ठेवली होती. इथे केंद्राचं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलर आहे. आमच्या न्यू जर्सीत ते त्याच्या दुपटीहून जास्त आहे, तरी उन्हाळाभर राबलेल्या मुलाला त्यातून एका सत्राची फी आणि खोलीचं भाडं काढून दाखवायला सांगा.

आता पुढचं, कारण हे पत्र माझ्यासाठी नाही. माझं सुटलं.

बायडन यांच्या काळातली सेव्ह नावाची उत्पन्नाधारित परतफेडीची योजना न्यायालयात अडकली आणि 2024 च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ 80 लाख लोक अधांतरी लटकले. 1 ऑगस्ट 2025 पासून त्यांचं व्याज पुन्हा सुरू झालं. माझ्या वर्गातली मदतनीस त्यातलीच एक. 4 जुलै 2025 ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने सगळीच घडी बदलली. 1 जुलै 2026 पासून नवीन कर्ज घेणाऱ्यांना उत्पन्नाधारित अशी एकच योजना, रॅप. वार्षिक उत्पन्नाच्या 1 ते 10 टक्के हप्ता, कितीही गरीब असलात तरी महिन्याला निदान 10 डॉलर, आणि माफी तीस वर्षांनी. त्यात चांगलंही आहे, ते मी मान्य करते. हप्त्यात न मावलेलं व्याज चढत नाही, म्हणजे माझ्यासारखं भरत भरत मागे जायला होणार नाही. मुलामागे महिन्याला 50 डॉलर सूट आहे. पण टप्पे जरा बघा. 60,000 डॉलर उत्पन्नावर 5 टक्के, म्हणजे महिन्याला 250. उत्पन्न 60,001 झालं की 6 टक्के, म्हणजे 300. एका डॉलरची पगारवाढ वर्षाला 600 डॉलरला पडते. दारिद्र्यरेषेच्या हिशोबाने काही उत्पन्न बाजूला काढायची जुनी पद्धतही गेली. शिवाय 2026 पासून, सार्वजनिक सेवेतली माफी सोडली तर, उत्पन्नाधारित योजनांत वीस ते तीस वर्षांनी माफ होणारी रक्कम केंद्राच्या टॅक्ससाठी पुन्हा उत्पन्नात धरली जाते.

आणि हे तुमच्याच घरात येतं आहे. मुलाच्या शिक्षणासाठी आई-बाप जे पॅरेंट प्लस कर्ज काढतात, त्याला नव्या कायद्याने मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलरची मर्यादा घातली. मर्यादा घातली ते एका अर्थी बरंच झालं, पण 1 जुलै 2026 नंतरच्या पॅरेंट प्लस कर्जाला उत्पन्नाप्रमाणे हप्त्याची सोयच नाही. बापाची नोकरी गेली तरी हप्ता तोच. पदव्युत्तर शिक्षणाचं ग्रॅड प्लस कर्ज नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद. तिथे साध्या अभ्यासक्रमांना एकूण 1,00,000 आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना 2,00,000 ची मर्यादा. वरचा पैसा लागला तर खासगी कर्ज, आणि त्यावर सही कुणाची? आई-बापाची. मागच्या महिन्यात आपल्यातल्याच एका वहिनींनी मला पार्किंगमध्ये गाठलं. मुलगी फिजिओथेरपीला जाणार आहे, "सही करू का गं मी?" विचारत होत्या. हातात घडी घातलेला कागद होता. खासगी कर्ज, बदलतं व्याज. मंडळात कुणाला विचारलं नाही का म्हटलं, तर म्हणाल्या, "नको बाई, उगाच चर्चा होते."

ही चर्चेची भीती आपण घालवू या. दर वर्षी आपण टॅक्सवर कार्यक्रम ठेवतो, इच्छापत्रावर ठेवतो, भारतातली जमीन कशी विकायची त्यावर तर हॉल भरतो. एक शनिवार शैक्षणिक कर्जासाठी ठेवा. कोण माफीच्या बाजूचं आणि कोण विरोधातलं हा वाद त्या दिवशी बाहेर ठेवा, नुसते कागद घेऊन बसा. सेव्हमध्ये अडकलेल्यांना दुसरी योजना निवडायची आहे, आणि पे आणि आयसीआर या जुन्या उत्पन्नाधारित योजनांतल्यांना 1 जुलै 2028 पर्यंत. चुकीच्या खान्यात खूण केली की वर्षं वाया जातात, ते मी भोगलं आहे.

आणि तुम्ही मतदार आहात. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरोसारख्या गावांत आपली मतं कमी नाहीत. तुमच्या प्रतिनिधीला इतकंच लिहा की कर्ज घेताना ज्या अटी कायद्यात होत्या, त्या मधेच बदलू नका. सार्वजनिक सेवेतली दहा वर्षांची माफी नव्या कायद्यातही टिकली आहे. ती पुढे टिकावी यासाठी दोन ओळी लिहा. रिपब्लिकन असाल तर बुश यांची आठवण द्या, डेमोक्रॅट असाल तर सरसकट घोषणा करून पुढच्या मुलांना विसरू नका असं सांगा.

त्या काकांना मी ओळखते. पाचेक वर्षांपूर्वी माझी गाडी बर्फात अडकली होती, तेव्हा रात्री अकराला फावडं घेऊन आले होते ते. हे पत्र ते वाचतील. काका, पुढच्या गणपतीत त्या मुलीशी दोन शब्द बोला. ती हिशोबाचा विषय शिकते आहे, तुमच्या आवडीचा.

मी दर रविवारी मराठी शाळेत असते. बारा वाजता वर्ग सुटतो, त्यानंतर तासभर मी तिथेच थांबेन. कागद घेऊन या, आपापला पासवर्ड आठवून या. एकट्याने यायचं असेल तर साडेबारानंतर या, तोवर मुलं गेलेली असतात.

आपली,
मराठी शाळेतली एक शिक्षिका
न्यू जर्सी